चार नंबरची थैली

व्हर्लिन टॉलेफसन माणूस वाईट नव्हता. आमच्या न्यू व्होस गावात याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला देत नाही. जेवण झकास झालं तर ते 'वाईट नव्हतं', थंडीत पापण्यांवर बर्फ धरला तर 'जरा गारवा आहे', आणि एखाद्याचं अख्खं बीटाचं पीक पाण्याखाली गेलं तर 'यंदा जरा ओल जास्त झाली'. उत्तर मिनेसोटाच्या या सपाटीवर आवाज चढवायची पद्धत नाही.

एकतीस वर्षं व्हर्लिन गावच्या धान्यकोठीत वजनकाट्यावर बसला. गव्हाचे ट्रक आले, गेले. काट्यावरून कधी कुणाशी वाद झाला नाही. निवृत्त झाल्यावर हातात वेळच वेळ आला, पण चर्चच्या साउंडचं टेबल त्याच्याकडे त्याच्याही आधीपासून होतं. एकोणीस वर्षं तो दर रविवारी शेवटच्या बाकामागे बसायचा, पाद्रीबाईंचा माईक चालू करायचा, रेकॉर्डिंग लावायचा. आणि मग, खरं सांगायचं तर, डुलकी काढायचा.

त्या रेकॉर्डिंगचं काम मात्र चोख. गावात सातजण असे होते की त्यांना घराबाहेर पडणं जमत नव्हतं. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाला धाप, कुणाला दिसत नाही. दर रविवारी प्रार्थना संपली की व्हर्लिन सात पेनड्राइव्ह एकामागून एक कॉम्प्युटरला लावायचा, आधीचं सगळं पुसायचा आणि त्यावर नवी प्रार्थना भरायचा. ऐकायला चर्चने प्रत्येक घरी एक छोटं यंत्र दिलं होतं आणि प्रत्येक घराचे दोन ड्राइव्ह होते, एक गेला की एक परत यायचा. त्यांवर आर्डिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, लाल नेलपॉलिशने नंबर घातले होते. बायकांच्या मंडळाने गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांतून त्यांच्यासाठी छोट्या थैल्या शिवल्या होत्या. सोमवारी सकाळी व्हर्लिन सात घरांच्या दारांना सात थैल्या अडकवून यायचा आणि गेल्या खेपेच्या थैल्या, आतल्या ड्राइव्हसकट, काढून आणायचा.

अडकवून यायचा, हे लक्षात ठेवा. आत जायचा नाही. आमच्याकडे आत गेलात की कॉफी आली. कॉफी तीनदा नाकारावी लागते. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'उगाच त्रास नको', आणि तिसऱ्यांदा 'केलीच असेल तर अर्धा कप'. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर त्याचं काहीतरी मोठं बिनसलेलं असतं. हे सगळं सात घरी करायचं म्हणजे सोमवार संपला. म्हणून व्हर्लिन गाडी चालूच ठेवायचा, थैली कडीला अडकवायचा, काचेतून हात हलवायचा आणि पळायचा.

चार नंबरची थैली क्वामांच्या घरची. हार्लन क्वाम आणि लव्हॉन क्वाम, दोघंही ऐंशीच्या पुढचे. हार्लनने बीट पिकवले आणि चाळीस वर्षं शाळेची बस चालवली. फेब्रुवारीत तो गेला. चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे सँडविच झाले, व्हर्लिनने माईक नीट लावला होता, आणि सगळे म्हणाले की अंत्यविधी वाईट नव्हता.

ईस्टरच्या आधी आर्डिस दरवर्षी थैल्या धुते. यंदाही तिने सगळ्या थैल्या उलट्या करून झटकल्या, तशी चार नंबरच्या एका थैलीतून घडी केलेला कागदाचा चिटोरा पडला. शिवणीत अडकून बसला होता. पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आर्डिसने तो वाचला आणि व्हर्लिनच्या ताटाशेजारी ठेवला.

'व्हर्लिन, यात हार्लनचा आवाज आहे. चर्चने दिलेल्या त्या यंत्राच्या लाल बटणावर त्याने नातवंडांसाठी काही बोलून ठेवलं आहे. तिघांसाठी तीन प्रती काढून देशील का? घाई नाही. लव्हॉन.'

व्हर्लिनने चिठ्ठी दोनदा वाचली. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती.

"तू थैली उघडून बघत नाहीस का रे?" आर्डिस म्हणाली.

"ड्राइव्ह झटकून बाहेर काढतो. चिठ्ठी असेल असं कुणाला वाटणार?"

"एक फोन केला असता तिनं, तर?"

"फोन केला तर आपल्याला त्रास होईल ना. म्हणून तर पेन्सिलीनं लिहिलंय. पेनची शाईसुद्धा वाया नको."

हे तो चेष्टेने म्हणाला, पण त्याने ताट बाजूला सारलं. पाच आठवड्यांत हा ड्राइव्ह दोनदा त्याच्या हातून गेला होता. दोन्ही वेळा त्याने तो स्वतःच्या हाताने पुसला होता आणि वर नवी प्रार्थना भरली होती. लव्हॉनने एकदाही विचारलं नाही. तिनेच लिहिलं होतं ना, घाई नाही म्हणून. मग ती विचारणार कशी? ती बाई पाच आठवडे खिडकीशी बसून वाट बघत असेल, आणि हा दर सोमवारी तिला काचेतून हात हलवून पळत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. शरमेने त्याचे कान गरम झाले, आणि सहासष्ट वर्षांच्या माणसाचे कान सहजी गरम होत नाहीत.

तो उठला आणि कॉम्प्युटरकडे निघाला.

"हात लावू नकोस," आर्डिस म्हणाली. "आणखी काहीतरी पुसशील. त्या फेंगकडे घेऊन जा. तो कळणारा माणूस आहे."

फेंग वांगचं दुकान तालुक्याच्या गावी, जुन्या चपलांच्या दुकानाच्या जागेत. मागच्या भिंतीवर अजून चपलांच्या रिकाम्या फळ्या होत्या, आता त्यांवर उघडे पडलेले कॉम्प्युटर. फेंगचा बाप थायलंडच्या निर्वासित छावणीतून आला, पण फेंग इथेच जन्मला आणि हवामानाबद्दल आमच्यासारखाच बोलतो.

"जरा वारा आहे," फेंग म्हणाला.

"आहे थोडा," व्हर्लिन म्हणाला. बाहेर दुकानाची पाटी वाऱ्याने आडवी झाली होती.

मग त्याने ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पुसल्याचं सांगितलं, दोनदा पुसल्याचं सांगितलं. चिठ्ठीचं सांगताना मात्र 'थैलीत कागद होता म्हणे' असं म्हणाला. म्हणे! स्वतःच्या खिशात तो कागद घेऊन उभा होता आणि तोंडातून म्हणे निघालं.

"शेवटचं भरल्यानंतर यात आणखी काही टाकलंत?" फेंगने विचारलं.

"नाही."

"मग आशा आहे. व्हर्लिन, तुम्ही शेतकऱ्यांच्या गावातले, तुम्हाला पटकन कळेल. आपण पुसतो म्हणजे नुसती बांधावरची पाटी काढतो. शेतात पीक तसंच उभं असतं. नवीन भरलं की नांगर पहिल्या बांधापासून सुरू होतो. जितकं भरलं तितकंच नांगरलं जातं. त्याच्या पुढचं शाबूत."

"प्रार्थना पंचावन्न मिनिटांची असते. पाद्रीबाई फार रंगल्या तर सत्तावन्न."

"आणि म्हाताऱ्यांनी बोलून ठेवलं तेव्हा ड्राइव्हवर आधीची प्रार्थना होतीच ना? यंत्र तिच्या मागे रेकॉर्ड करतं. म्हणजे सुरुवातीचा तासभर जुनी प्रार्थना आणि तिच्या पुढे हे. तसं असेल तर तुमचा नांगर जुन्या प्रार्थनेवरूनच फिरला. म्हातारा पूर्ण सापडेल."

व्हर्लिनला एकदम हलकं वाटलं. तो तिथल्या स्टुलावर बसला. देवाची प्रार्थना देवाच्या प्रार्थनेवर पडली, हार्लनला धक्का लागला नाही. यात त्याला देवाची सोयसुद्धा दिसायला लागली. तीन प्रती काढू, नव्या कोऱ्या ड्राइव्हवर, आणि आर्डिसच्या हातचे बार्स, म्हणजे केकसारख्या भाजलेल्या गोड वड्या, नेऊ, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

फेंगने आधी अख्ख्या ड्राइव्हची नक्कल करून घेतली, म्हणजे मूळ वस्तूला पुन्हा हात लावायला नको. मग तो कपाळाला आठी घालून पडद्याकडे बघत बसला.

"पंचावन्न मिनिटं म्हणालात ना? शेवटची फाइल एक तास तेहतीस मिनिटांची आहे."

"असं कसं होईल?"

"ऐकू या की." फेंगने फाइल शेवटाकडे सरकवली.

आधी पाद्रीबाई मारित हाउगेन यांचा आशीर्वाद आला, मग ऑर्गन. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज, आणि भांड्यांचा. आणि मग खदाखदा हसणं. तेव्हा व्हर्लिनला उमगलं. पाद्रीबाईंच्या गळ्यापाशी लावलेला छोटा माईक त्या दिवशी चालूच राहिला होता. प्रार्थना संपल्यावर तो बंद करायचा हे व्हर्लिनचं काम. त्या दिवशी तळघरात रुबार्बच्या आंबट देठांचे बार्स आहेत असा वास वर आला होता आणि तो सगळं तसंच टाकून खाली गेला होता. पाद्रीबाई माईक लावून कॉफीच्या घोळक्यात फिरल्या होत्या. वर कॉम्प्युटर इमानेइतबारे सगळं टिपत बसला होता. व्हर्लिन परत वर गेला तेव्हा त्याने न ऐकताच सगळं सातही ड्राइव्हवर भरलं. ऐकायचा तो कधीच नाही. प्रवचन एकदा झोपेत ऐकलं की पुरे, असं त्याचं म्हणणं.

आता त्याला एक जुनी गोष्ट आठवली. त्या आठवड्यात दोन घरांतून त्याला फोन आला होता. एक नंबरच्या एस्टरने आणि सहा नंबरच्या कर्टिसने मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, "यावेळचं रेकॉर्डिंग वाईट नव्हतं हं." तो आठवडाभर छाती फुगवून फिरला होता. माईकच्या नव्या वायरीचा गुण, असं आर्डिसला सांगत होता. त्या सगळ्यांना वर्षानुवर्षं न मिळालेली रविवारची कॉफी मिळाली होती, गावगप्पांसकट.

तेवढ्यात पडद्याशेजारच्या डब्यातून त्याचा स्वतःचाच आवाज आला.

आधी ड्वेनचा, जो चर्चच्या दारात उभा राहून सगळ्यांना बसवतो. "हार्लन बिचारा गेला. शेवटी शेवटी तू जायचास ना रे त्याच्याकडे?"

"जायचो कसला!" हा व्हर्लिन. तोंडात बार असल्याचं कळत होतं. "गाडी चालू ठेवायची, थैली अडकवायची आणि पळायचं. एकदा आत सापडलास की पासष्ट सालच्या वादळात बस कशी अडकली ते ऐकल्याशिवाय सुटका नाही. तासभर! मी तर एकदा त्याला खिडकीत उठताना बघितलं आणि उलट्या गिअरमध्ये निघालो."

मग हसू. ड्वेनचं, आणखी चारपाच जणांचं. पाद्रीबाईंचंही, अगदी जवळून.

फेंगने फाइल थांबवली. दोघं रस्त्यावरून जाणारा बर्फ काढायचा ट्रक बघत राहिले.

"त्यांनाही हे गेलं," शेवटी व्हर्लिन म्हणाला. "लव्हॉनला. चार नंबर. ह्याच ड्राइव्हवर."

"ऐकलं असेलच असं नाही."

"ती सगळं ऐकते."

फेंग पुन्हा कामाला लागला. तासाभराने त्याने हिशेब सांगितला. हार्लनने एकोणपन्नास मिनिटं बोलून ठेवलं होतं. पहिल्या पुसण्याने त्याचा एक शब्दही गेला नव्हता. त्या कॉफीने अडतीस मिनिटं खाल्ली. मागचे तुकडे जोडून पाहिले, आणखी दोन वेगळी साधनं लावून पाहिली, पण जिथे नांगर फिरला तिथे काही उरत नाही. अकरा मिनिटं तेवढी हाती आली.

"तुम्ही ऐकणार?" फेंगने विचारलं.

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "आधी तिला."

घरी परतायला चाळीस मिनिटं लागतात. या चाळीस मिनिटांत व्हर्लिनच्या डोक्यात चांगली तीन-चार खोटी कारणं तयार झाली. ड्राइव्हच खराब निघाला. जुनाच होता, कधीतरी जायचाच. चिठ्ठी मिळाली तोवर उशीर झाला होता, जे खरंही होतं. वजनकाट्यावर एकतीस वर्षं एक पौंड इकडचा तिकडे न करणारा माणूस, पण आता गाडीत बसून मोठ्याने सराव करत होता, "लव्हॉन, ही यंत्रं म्हणजे काय भरवसा..." आणि दर वेळी त्याला स्वतःचा तोंडात बार असलेला आवाज ऐकू यायचा. घराकडचं वळण आलं तरी तो वळला नाही. सरळ क्वामांच्या दारात गेला आणि त्याने गाडी बंद केली.

लव्हॉन वॉकर धरून दाराशी आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे गाडीकडे.

"गाडी बंद पडली का रे?"

"नाही. मी बंद केली."

"अच्छा," ती म्हणाली. त्या एका अच्छामध्ये त्याला जे कळायचं ते कळलं.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. हार्लनची खुर्ची सोडून बसला. टेबलावर ते चर्चने दिलेलं यंत्र होतं, लाल बटणाचं. त्याने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. यावेळी म्हणे नाही. चिठ्ठी मला दिसली नाही कारण मी थैलीत बघितलं नाही. मी पुसलं. माईक मी बंद करायचा होता, मी बार खायला गेलो. अडतीस मिनिटं गेली आणि ती परत यायची नाहीत.

"आणि त्या दिवशी मी जे बोललो," तो म्हणाला, "ते तुम्ही ऐकलंत."

"ते कॉफीचं ना? दोनदा ऐकलं," लव्हॉन म्हणाली. "ड्वेनच्या सुनेचं कळलं. कुणाच्या घरचा बॉयलर फुटला तेही कळलं. चार वर्षं झाली मला त्या तळघराची पायरी उतरून. फार बरं वाटलं." ती थोडी थांबली. "तुझं तेवढं दुसऱ्यांदा वगळलं."

माफ करा असं तो म्हणाला, पण ते इतकं हळू निघालं की त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

लव्हॉनने मान हलवली. ती माफी होती की नुसतं ऐकल्याची खूण, ते त्याला कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

"लाव ते," ती म्हणाली.

त्याने फेंगने दिलेला नवा ड्राइव्ह यंत्राला लावला. खरखर झाली. मग हार्लन.

"...आणि झालं. एवढंच. बाकी तुमच्या आजीला विचारा. आता हे बंद कसं करायचं? लव्हॉन! हे बंद कुठून होतं? लाल दाबलं मी. दिवा गेला बहुतेक." खुर्ची सरकली. दार उघडलं. यंत्र बंद झालंच नव्हतं. पुढची दहा मिनिटं ते स्वयंपाकघर होतं, हेच, जिथे ते दोघं आता बसले होते. नळ. घड्याळ. हार्लनचं खोकणं. मग लव्हॉनचा आवाज, "कॉफी घेणार?"

"नको."

"करते की."

"उगाच त्रास नको."

"केलीच आहे."

"मग अर्धा कप."

साठ वर्षं एका घरात काढून तो स्वतःच्या बायकोला तीनदा नाही म्हणत होता. लव्हॉन हसली, आणि हसता हसता तिने वॉकरच्या दांड्यावर कपाळ टेकवलं. व्हर्लिन खाली बघत राहिला. यंत्रातून चमचा कपात फिरल्याचा आवाज येत होता. मग कुणी बोललं नाही, नुसते दोघं कॉफी पीत होते, शेवटपर्यंत.

यंत्र थांबल्यावर लव्हॉनने डोळे पुसले.

"हे मला पुरे आहे," ती म्हणाली. "पण नातवंडांना त्या वादळाची गोष्ट हवी होती. तेच सांगितलं होतं त्यानं आधी. बसमधली पोरं दोन दिवस कुठे ठेवली, कुणाकडे काय खाल्लं, सगळ्यांची नावं. मला निम्मीच आठवतात. माझ्यासमोर सांगायला लाजायचा तो, मी चुका काढायचे ना. म्हणून दार लावून बसला होता." तिने व्हर्लिनकडे आशेने पाहिलं. "तुला ठाऊक असेल की सगळी, ऐकल्याशिवाय सुटका नाही म्हणत होतास ना. तुझ्याशी फार बोलावंसं वाटायचं त्याला. सोमवारी खिडकीशी जाऊन बसायचा."

व्हर्लिनने तोंड उघडलं. बस अडकली, एवढं त्याला माहीत होतं. पुढचं काहीच माहीत नव्हतं. पोरं किती होती, कोणतं घर होतं, कुणीतरी चहाच्या डब्यात पेटवलेली मेणबत्ती होती की तो भलत्याच गोष्टीतला भाग, काहीच नाही. अडतीस मिनिटं यंत्रातून गेली होती, पण ती त्याच्या डोक्यात राहू शकली असती. एकोणीस वर्षांत नुसता एक सोमवार पुरला असता.

"नाही, लव्हॉन," तो म्हणाला. "मी कधी बसलोच नाही."

खिडकीबाहेर त्याची गाडी उभी होती, इंजिन केव्हाच थंड झालेलं. लव्हॉन उठली, एका हाताने वॉकर धरला, दुसऱ्याने ओट्यावरचं भांडं हलवून त्यात किती उरलंय ते पाहिलं.

"कॉफी घेणार?" तिने पाठ न वळवता विचारलं.

"हो," व्हर्लिन म्हणाला. "पूर्ण कप. आणि निम्मी का होईना, तुम्हाला आठवते तेवढी सांगा."

लव्हॉनचा हात भांड्यावर थांबला. मग तिने फडताळातून दोन कप काढले.